गुडघ्याच्या एक्स-रेत डाग निघाला, बायोप्सी करायची का?

पत्र: “डॉक्टर, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. खो-खो खेळताना डाव्या गुडघ्यावर आपटला. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाले. सूज आठवड्यात उतरली, आता पळतोयसुद्धा. पण रिपोर्टात लिहिलंय की मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या वर ‘लायटिक लीजन, स्क्लेरोटिक मार्जिन’ आहे. पुढे प्रश्नचिन्ह टाकून ‘एनओएफ’, मग ‘एमआरआय सुचवतो, क्लिनिकली कोरिलेट करा’. मी नेटवर शोधलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. नात्यातले एक जण म्हणतात, ओळखीच्या सर्जनकडून उद्याच्या उद्या तुकडा काढून तपासा, जिवाला घोर नको. सासूबाई म्हणतात, गाठीला सुई लावली की ती पसरते, त्यापेक्षा लेप लावा. त्यांचं स्वतःचं दुखणं चालूच आहे. दोन महिने कंबर धरलीय, रात्री जास्त. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून गोळ्यांवर आहेत. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. मुलाच्या एक्स-रेचा फोटो जोडलाय. काय करू?” – एक आई, तासगाव

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. मुलाचा तुकडा उद्या काढू नका. लेपही नको. एक्स-रे दोन बाजूंनी नीट काढून घ्या आणि हाडांच्या गाठी नेहमी बघणाऱ्या डॉक्टरला दाखवा. त्यात आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. सासूबाईंबद्दल शेवटी लिहिलंय, पण दवाखान्यात त्यांना आधी न्या, याच आठवड्यात.

आता तुमचा फोटो. फिल्म खिडकीला धरून मोबाइलवर काढलाय, त्यामुळं खिडकीचे गज नेमके मांडीच्या हाडावरून गेलेत. वरचा कोपरा, जिथं नाव, तारीख आणि डावं-उजवं छापलेलं असतं, तो कापला गेलाय. शिवाय समोरून काढलेला एकच व्ह्यू आहे. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. एकाच दिशेनं सावली बघितली तर डाग हाडाच्या पोटात आहे, पुढच्या कडेला आहे की मागच्या, हे समजत नाही. म्हणून या फोटोवरून मी निदान करणार नाही, आणि कुणी व्हॉट्सॲपवर करून दिलं तर त्यावर विसंबू नका. हल्ली तालुक्याच्या ठिकाणीही एक्स-रे बहुधा डिजिटल असतो. मूळ फाइल सीडीवर मागून घ्या, देतात. त्या फाइलमध्ये उजेड-अंधार कमीजास्त करून हाडाची कड बारकाईनं बघता येते. फोटोचा फोटो मोठा केला तर नुसते ठिपके मोठे होतात.

रिपोर्टातल्या शब्दांना घाबरू नका. लायटिक म्हणजे त्या जागी हाड विरळ झालंय, म्हणून फिल्मवर काळसर दिसतं. लीजन म्हणजे इथं काहीतरी वेगळं आहे, एवढंच. तुम्हाला दिलासा देणारे शब्द त्याच ओळीत होते आणि त्यांच्याकडे तुमचं लक्ष गेलं नाही. स्क्लेरोटिक मार्जिन, म्हणजे डागाभोवती पांढरी, टणक कड.

हाडात गाठ आहे का म्हणून एक्स-रे हातात येतो तेव्हा मी आधी कोपऱ्यातलं वय बघतो. दहा ते वीस या वयात हाडाच्या बऱ्याच निरुपद्रवी गाठी दिसतात आणि ऑस्टिओसार्कोमा, युइंग सार्कोमा हे हाडाचे दोन वाईट कॅन्सरही याच वयातले. वीस ते चाळीसमध्ये, हाडांची वाढ संपल्यावर, जायंट सेल ट्यूमर डोकं वर काढतो आणि तो हाडाच्या अगदी टोकाला, सांध्याला खेटून बसतो. चाळिशी ओलांडली की आधी विचार करायचा तो दुसरीकडून हाडात उतरलेल्या कॅन्सरचा आणि मायलोमाचा, म्हणजे हाडाच्या मगजातल्या पेशींच्या कॅन्सरचा. तोच डाग, त्याच हाडात, तेराव्या वर्षी एक अर्थ सांगतो आणि त्रेसष्टाव्या वर्षी दुसरा.

मग जागा. कुठलं हाड, आणि त्या हाडाचा कुठला भाग? गुडघ्याच्या आसपास मुलांची हाडं सगळ्यात जोरात वाढतात, त्यामुळं भल्याबुऱ्या पुष्कळ गाठी तिथंच निघतात. तुमची झोप उडाली ती इथंच. नेटवर ‘गुडघ्याच्या वर’ आणि ‘तेरा वर्षं’ असं टाकलं की ऑस्टिओसार्कोमा समोर येणारच. वय जुळतं, जागाही जुळते, हे मी नाकारत नाही. फरक पडतो तो कडेनं.

हाड जिवंत असतं. आत एखादी गोष्ट सावकाश वाढत असेल तर हाडाला तिच्याभोवती बांध घालायला वेळ मिळतो. एक्स-रेवर तो बांध पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. आम्ही शिकत असताना एक साधी कसोटी असायची: डागाची कड पेन्सिलीनं गिरवता येते का? टोकदार पेन्सिल घेऊन न अडखळता फिरवता आली तर वाढ बहुधा मंद. जोरात वाढणारी गाठ हाडाला ती सवड देत नाही. तिथं डाग कुठं संपतो आणि चांगलं हाड कुठं सुरू होतं, ते दाखवताच येत नाही. बारीक बारीक भोकं पडत काळेपणा नुसता विरत जातो. ग्विलिम लॉडविक या अमेरिकन रेडिओलॉजिस्टनं १९६०च्या दशकात, संगणक खोलीभर मोठे असण्याच्या काळात, हाडांच्या गाठींचं निदान संगणकाला शिकवायचा घाट घातला होता. त्याच्या नावानं ओळखली जाणारी प्रतवारी मुख्यतः या कडेवरच उभी आहे आणि आजही ती वापरात आहे.

कड बघून गाठीचं नाव कळतं असं मात्र समजू नका. कळतो तो तिचा वेग. वेगवान असलेलं सगळं कॅन्सर नसतं, हाडात पू झाला तरी एक्स-रे तितकाच भीतिदायक दिसू शकतो. आपल्याकडे हाडाचा टीबी आहे, तो तर कुठल्याही गाठीचं सोंग घेतो. उलट मोठ्या वयात मायलोमाची भोकं अगदी रेखीव कडेची असतात आणि आजार मात्र गंभीर. म्हणून वय आधी, कड नंतर. हा क्रम मोडला की घोटाळा होतो.

कडेनंतर मी हाडाच्या आवरणाकडे बघतो. मुलांमध्ये हे आवरण हाडाला सैल चिकटलेलं असतं. आतून काही ढकलू लागलं की ते उचललं जातं आणि खाली नवीन हाड घालू लागतं. ढकलणं मंद असेल तर एकच जाड, सलग थर. थांबून थांबून असेल तर थरावर थर, ज्याला आम्ही कांद्याच्या पापुद्र्यांचं चित्र म्हणतो आणि ते दिसलं की युइंगची शंका घेतो. जोर फार असेल तर नवीन हाड काट्यांसारखं बाहेर उभं राहतं किंवा उचललेल्या आवरणाच्या कोपऱ्यात त्रिकोण दिसतो. त्या त्रिकोणाला बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनचं नाव आहे. गंमत अशी की हा त्रिकोण पू झालेल्या हाडातही दिसतो, पण परीक्षेत विद्यार्थी ‘कॉडमन’ म्हटलं की पुढचं न ऐकता ‘ऑस्टिओसार्कोमा’ म्हणून मोकळे होतात. आवरणाच्या या सगळ्या खटपटीला रिपोर्टात ‘पेरिऑस्टियल रिॲक्शन’ म्हणतात. तुमच्या रिपोर्टात ते शब्द आहेत का, बघा. तुम्ही उतरवलेल्या मजकुरात तरी नाहीत, आणि रेडिओलॉजिस्टला ती दिसली असती तर त्यानं ती पहिल्या ओळीत लिहिली असती.

डागाच्या आत काय दिसतं, हेही बघायचं असतं. ढगासारखा पांढरेपणा असेल तर गाठ हाड बनवतेय, छोट्या कड्या आणि स्वल्पविराम दिसले तर कूर्चा, धुरकट काचेसारखं असेल तर फायब्रस डिस्प्लेजिया, म्हणजे हाडाच्या जागी तंतुमय भर. तुमच्या मुलाच्या बाबतीत हा भाग फार महत्त्वाचा नाही.

एनओएफ, म्हणजे नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा. वाढत्या वयातल्या मुलांच्या हाडात, वाढीच्या टोकाजवळ, एका बाजूच्या भिंतीला चिकटून, पांढऱ्या कडेचा हा डाग सर्रास आढळतो. तो दुखत नाही. सापडतो तो असाच, पडल्याझडल्यावर दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत. बहुतेकदा वाढ पूर्ण झाल्यावर तो हळूहळू हाडानं भरून येतो आणि पुढे शोधूनही दिसत नाही. रेडिओलॉजीच्या पुस्तकांत अशा डागांचा एक वेगळा गट असतो, ‘हात लावू नका’ या नावाचा. एनओएफ त्यातला ठळक मानकरी. एकच गोष्ट तपासायची: डागानं हाडाची किती रुंदी व्यापलीय? दोन्ही व्ह्यूमध्ये अर्ध्याहून जास्त असेल तर हाड तिथं मोडायची भीती असते, मग खेळ थांबवावा लागतो आणि क्वचित डाग खरवडून हाड भरावं लागतं. लहान असेल तर खो-खो चालू ठेवायला हरकत नसते. हे ठरवायलाच बाजूचा व्ह्यू हवा. तुमच्याकडे नसलेला तोच.

‘क्लिनिकली कोरिलेट करा’ वाचून अनेकांना वाटतं, डॉक्टरनं हात झटकले. रिपोर्टातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य ते. रेडिओलॉजिस्टच्या समोर फिल्म असते, मुलगा नसतो. मूल रात्री रडत उठतं का, हाताला गाठ लागते का, ताप येतो का, हे त्याला ठाऊक नसतं. सेंटरवर फॉर्म भरताना आपण ‘गुडघा दुखतो’ एवढंच लिहून येतो. यापुढे सगळी हकिकत लिहा: कधीपासून, रात्री की चालताना, आधी कुठला आजार, कुठलं ऑपरेशन. आणि त्या गुडघ्याचा जुना एखादा एक्स-रे घरात असेल तर शोधा. वर्षापूर्वीच्या फिल्मवर हाच डाग एवढाच असेल तर निम्मं काम तिथंच होतं.

आता तुम्ही मला उलट विचाराल की डॉक्टर, काय दिसलं तर तुम्ही घाबराल? एकाच बाजूचं दुखणं, तीन आठवड्यांत न हटणारं. झोपेतून उठवणारं. विश्रांतीतही ठणकणारं. हाताला लागणारी आणि वाढत जाणारी गाठ. लंगडणं, ताप, वजन उतरणं. वाढीचं म्हणून जे दुखणं असतं ते दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री, आणि सकाळी पोरगं पुन्हा उड्या मारतं. खेळताना लागल्यामुळं गाठ होत नाही, लागल्यामुळं आधीची गाठ लक्षात येते. पण ‘खेळताना लागलं’ हे कारण घरच्यांना इतकं पटतं की त्यावर दोन-तीन महिने शेक, लेप आणि चोळणं चालतं. हाडाच्या कॅन्सरच्या कितीतरी मुलांची सुरुवातीची कहाणी हीच असते, आणि चोळून सुजवून आणलेला गुडघा बघितला की माझा आवाज चढतो, हे मी कबूल करतो. एक एक्स-रे काही शेकड्यांत होतो. गुडघ्याच्या एक्स-रेत मिळणारं रेडिएशन साधारण एखाद्या दिवसात आपल्याला निसर्गातून मिळतं तेवढंच. त्याची भीती बाळगून एक्स-रे टाळणं हा तोट्याचा सौदा.

एमआरआय करायचा का? दोन व्ह्यूमध्ये चित्र ठसठशीत एनओएफचं असेल तर गरज नाही, तीन ते सहा महिन्यांनी परत एक्स-रे काढून ताडून बघितलं की पुरे. शंका उरली तर जरूर करा, पण एक्स-रे शेजारी ठेवून वाचला जाईल असा करा. हल्ली लोक थेट एमआरआय करून येतात आणि एक्स-रे म्हटलं की ‘तो तर जुना झाला’ म्हणतात. एमआरआय हाडाच्या आतली सूज इतकी भडक दाखवतो की एखादी साधी गाठही त्यावर हिंस्र दिसते. ऑस्टिओइड ऑस्टिओमा नावाची दीड-दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ आहे, रात्री ठणकते आणि ॲस्पिरिनसारख्या गोळीनं चटकन थांबते. तिच्या भोवतीची सूज एमआरआयवर बघून घराघरांत रडारड झालेली आहे. हाडाच्या गाठीचा स्वभाव ओळखण्यात साधा एक्स-रे अजून सगळ्यांच्या पुढे आहे. एमआरआयचं काम पुढचं: गाठ किती पसरलीय, नसा-रक्तवाहिन्या किती जवळ आहेत, ऑपरेशन कुठून करायचं.

बायोप्सीबद्दल तुमच्या सासूबाई आणि तुमचे नातेवाईक, दोघांचंही मला ऐकायचं नाही, पण सासूबाईंच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. सुई लावली म्हणून गाठ अंगभर पसरत नाही. मात्र गाठ खरोखर वाईट असेल तर सुई ज्या वाटेनं जाते त्या वाटेत पेशी सांडू शकतात, म्हणून पुढच्या ऑपरेशनमध्ये ती वाटही कापून काढावी लागते. सुई चुकीच्या बाजूनं घातली किंवा मोठा आडवा छेद घेतला, तर वाचू शकणारा पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. हाडांचे अमेरिकन सर्जन हेन्री मँकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात बायोप्सी झाली असेल तर अडचणी तीन ते पाच पट जास्त आढळल्या होत्या. तेव्हापासूनचा दंडक साधा आहे: हाडाच्या गाठीचा तुकडा त्यानंच काढावा जो पुढचं ऑपरेशन करणार आहे. आणि तोही एमआरआय झाल्यावर, कारण तुकडा काढल्यावर रक्त आणि सूज मिसळून चित्र गढूळ होतं.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगा. पॅथॉलॉजिस्टलाही एक्स-रे लागतो. भरून येणाऱ्या फ्रॅक्चरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कधी कधी ऑस्टिओसार्कोमासारखा दिसतो. एक्स-रे न बघता दिलेला हाडाचा बायोप्सी रिपोर्ट मी अर्धवट समजतो. ‘उद्याच्या उद्या तुकडा’ काढून मनाला शांती मिळेलच असं नाही, चुकीचा कागद हातात पडून घर हादरण्याची शक्यताही असते. आणि पुढे कधी कुणाचा तुकडा काढायची वेळ आलीच, तर त्यातला थोडा भाग टीबी आणि इतर जंतूंच्या कल्चरला पाठवायला सांगा. आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

तुम्हाला मिरज जवळ आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात फाइल घेऊन जा. त्यांना शंका आली तर ते पुढे मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला पाठवतील, तिथं हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या गाठींसाठी वेगळा गट आहे. तुमच्या मुलावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरासाठी सांगतो: ऑस्टिओसार्कोमा निघाला तरी आज आधी केमोथेरपी, मग गाठ काढून कृत्रिम सांधा, अशा रीतीनं बहुतेक मुलांचा पाय वाचवता येतो. ‘पाय कापतील’ या भीतीनं घरी बसू नका.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्यांच्यासाठी चारच वाक्यं आहेत, आणि मी ती तीनदा वाचली.

मुलाच्या एक्स-रेत डाग आहे आणि मला फारशी काळजी वाटत नाही. त्यांचा एक्स-रे स्वच्छ आहे आणि मला वाटते. मणक्यातलं हाड साधारण तीस ते पन्नास टक्के झिजल्याखेरीज साध्या एक्स-रेवर खड्डा दिसत नाही. त्यामुळं स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईची कंबर दोन महिने, रात्री जास्त, दुखत असेल तर ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांवर थांबता येत नाही. हा आजार पाच काय, दहा वर्षांनीही हाडात परतू शकतो. त्यांचं दुखणं ठिसूळ हाडांचं असेल, मणक्याचा टीबी असेल, नुसता स्नायूंचा ताण असेल, सगळं शक्य आहे. पण आधी वाईटाचा निकाल लावून मग साध्याकडे यायचं.

कंबरेच्या त्याच एक्स-रेची समोरून काढलेली फिल्म पुन्हा एकदा अनुभवी माणसाला दाखवा. प्रत्येक मणक्यात दोन बाजूंना दोन गोल डोळ्यांसारखे ठिपके दिसतात. त्यातला एखादा नाहीसा असेल तर ते कॅन्सरचं चिन्ह असू शकतं आणि घाईत ते नजरेतून सुटतं. ते दोन्ही ठिपके जागेवर असले तरी संपूर्ण मणक्याचा एमआरआय, रक्तातलं कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज आणि साध्या रक्तचाचण्या करून घ्या. त्या डॉक्टरला जरूर वाटलं तर बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन. आणि ज्यांनी सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन केलं त्या कॅन्सरतज्ज्ञांकडेच जा, जुनी फाइल घेऊन. तिच्यात ईआर-पीआर, म्हणजे गाठीच्या हार्मोन-तपासणीचा एक कागद असेल, तो बरोबर हवाच, कारण आजार परत आला असेल तर कुठलं औषध लागू पडेल ते त्यावरून ठरतं. हाडात उतरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर आज हार्मोनच्या गोळ्या, दुखणं कमी करणारी रेडिएशन थेरपी आणि हाडं बळकट करणारी इंजेक्शनं आहेत. पुष्कळ बायका त्यावर वर्षानुवर्षं घर सांभाळतात. खर्चाची धास्ती असेल तर रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

दवाखान्याचं नाव काढलं की त्या चिडतात म्हणता. नातवाला दाखवायला जायचंय, तुम्हीही चला, असं सांगून बघा. बहुतेक आज्या नातवासाठी येतात. आणि तोवर कंबर कुणाकडून चोळून, ओढून, बसवून घेऊ नका. मधल्या दिवसांत पायातलं बळ गेलं, पाय बधिर वाटू लागले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. रविवार असला तरी त्याच दिवशी, एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या आणि दारातच सांगा की यांना पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता.